हलकं रिव्हॉल्वर

पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना हायवेला लागून संघमित्राचा पेट्रोल पंप आहे. पंप तिच्या नावावर, पण इतकी वर्षं तो चालवला तिच्या नवऱ्याने, प्रेमराजने. भरणा घेऊन बँकेत तो स्वतः जायचा आणि जाताना कमरेला पोलादी रिव्हॉल्वर लावायचा. ते त्याने माणसावर कधी रोखलं नाही, पण त्याच्याकडे ते आहे हे ढाब्यावाल्यांपासून टँकरवाल्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

गेल्या हिवाळ्यात त्याला लकवा मारला. उजवा हात गेला, पाय फरफटू लागला. डावा हात चालू होता म्हणायचं, पण त्यातही जोर उरला नव्हता. चहाचा कप उचलला की अर्धा बशीत सांडायचा, आणि मग तो कप तसाच ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचा.

संघमित्रा पंपावर बसू लागली आणि तिची झोप उडाली. पुढच्या पंपाच्या मॅनेजरला मोटारसायकलवरच्या दोघांनी अडवून लुटलं, डोक्यात रॉड घातला. तेव्हापासून कोणी हेल्मेट न काढता जास्त वेळ उभं राहिलं तरी ती गल्ल्याला कुलूप घालायची. तिने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज केला. लहानपणापासून पंचशील म्हणत आलेली बाई. आता पहिल्याच, जीवहिंसा न करण्याच्या शीलाला तिची जीभ अडखळायची. तरी परवाना हातात पडला तेव्हा तिला हायसं वाटलं.

"नवीन कशाला घेतेस?" प्रेमराज म्हणाला. "माझं आहे ना. तेच तुझ्या नावावर करून घेऊ."

तिने ते रिकामं करून घरातल्या घरात पर्समध्ये ठेवून पाहिलं. खांदा ओढला जायचा. हात लांब करून धरलं की नळी खाली झुकायची, आणि चाप ओढताना बोट पांढरं पडायचं.

"मला नाही झेपत. हल्ली पॉलिमरची निघालीत, हलकी."

"प्लास्टिकची? जत्रेतली खेळणी आहेत ती. वजन असतं म्हणून तर हात स्थिर राहतो."

"एकदा बघून तर येऊ."

"मी येतो. दुकानदार तुला काहीही गळ्यात मारेल."

लकव्यानंतर तो दवाखान्याशिवाय पहिल्यांदाच बाहेर पडायला तयार झाला होता. संघमित्राला त्याचाच आनंद जास्त झाला. तिने गाडी काढली आणि दोघं धुळ्याला गेले.

दुकान नासीरभाईंचं. प्रेमराजने पोलादी रिव्हॉल्वर त्यांच्याकडूनच घेतलं होतं. त्यांनी काउंटरवर जाड कापड अंथरलं आणि दोन रिव्हॉल्वर शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही लहान चणीची, मुठीत मावतील अशी.

"ताई, खरं सांगतो. दोन्ही बत्तीस बोअर. गोळी तीच. फरक सांगाड्यात आहे. हे अख्खं पोलादी, भाऊंच्यासारखंच. आणि हे नवं. याची नळी न् सिलिंडर तेवढं लोखंडी, बाकी पॉलिमर. वजन जवळपास निम्मं."

"मग जुनं कोण घेतं आता?" तिने विचारलं.

"ज्याला चालवायचं आहे तो. गोळी सुटली की जो झटका बसतो, तो पोलाद स्वतः पिऊन घेतं. हलक्यात तो सगळा मनगटात येतो. दहा गोळ्यांचा सराव केला की हात दुखतो. पण पर्समध्ये दिवसभर वागवायचं तर हेच. असल्याचं कळतसुद्धा नाही."

तिने दोन्ही धरून पाहिली. हलकं खरंच हलकं होतं. कव्हर घातलेल्या मोबाइलपेक्षा थोडं जास्त, असं काहीतरी तिच्या मनात आलं. चापही मऊ होता. पण इतकी गंभीर गोष्ट इतकी हलकी असावी हे तिला कसंसंच वाटलं.

"आण इकडे," प्रेमराज म्हणाला.

त्याने ते डाव्या हातात घेतलं. हात थरथरला, पण ते वर उचललं गेलं आणि वरच राहिलं. त्याने बोटाने चाप चाचपला. तो ते इतका वेळ बघत राहिला की नासीरभाई खाकरले.

"भाऊ?"

प्रेमराजने ते अलगद कापडावर ठेवलं. "हेच घे," तो संघमित्राला म्हणाला.

"आत्ता तर खेळणं म्हणत होतात!"

"माझा हट्ट होता गं. तुला झेपेल तेच घ्यावं."

उभ्या संसारात 'माझा हट्ट होता' हे शब्द तिने त्याच्या तोंडून ऐकले नव्हते. नासीरभाई म्हणाले, कागदपत्रं करून ठेवतो, परवा दुपारी घेऊन जा.

परतताना फागण्याच्या पुढे त्याने ढाब्यावर गाडी थांबवायला लावली आणि शेवभाजी मागवली. डॉक्टरांनी तिखट-तेल बंद केलेलं, पण तो इतका खुशीत होता की तिने अडवलं नाही. वेटरशी थट्टाही केली त्याने. गाडीत बसल्यावर सहज विचारल्यासारखं म्हणाला, "घरात कुठं ठेवशील?"

"कपाटात. कुलपात."

"कुलूप उघडेपर्यंत चोर थांबणार आहे का? पलंगाशेजारच्या खणात ठेव. भरलेलं."

"बघू," ती म्हणाली.

मुकटी मागे पडलं. दोन्ही बाजूंनी उन्हात करपलेली मोकळी शेतं सरकत होती. तिला काहीतरी खुपत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. तिने एसी कमी केला, पुन्हा वाढवला. पेट्रोलचा काटा दोनदा पाहिला, आणि स्वतःचा पंप असलेल्या बाईने काटा काय बघायचा म्हणून स्वतःवरच चिडली.

दुसऱ्या दिवशी त्याने चिडचिड न करता दाढी करून घेतली. जळगावला कॉलेजात शिकवणाऱ्या प्रज्ञाला, त्यांच्या मुलीला, स्वतःहून फोन लावायला सांगितला. थोड्या वेळाने प्रज्ञाचा आईला पंपावर फोन आला.

"आई, पप्पांचं औषध बदललं का? किती गोड बोलत होते. म्हणे आईशी भांडू नकोस, तिला सांभाळ."

"बरं वाटतंय त्यांना," संघमित्रा म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला दोन गिऱ्हाइकांच्या पावत्या उलटसुलट दिल्याचं लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी ती धुळ्याला निघाली, तर पंपावरचा सगळ्यात जुना माणूस निंबा गाडीच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. हातात घड्याळ होतं, प्रेमराजचं. पंप सुरू झाला त्या वर्षी घेतलेलं.

"वहिनी, काल डबा लेवाले घर गऊ ना, तव्हय भाऊनी हाई घड्याय माले दिधं. मी नको म्हनं, तर रागे भरना. म्हने, आते माले हाई जड व्हस." निंबाचा चेहरा उतरला होता. "माले बरं नही वाटत. तुमी ठेवा."

संघमित्राने घड्याळ हातात घेतलं आणि तिला पंधरवड्यापूर्वीचा आवाज आठवला. स्वयंपाकघरात असताना बेडरूममध्ये धप्पकन काहीतरी पडलं होतं. ती धावली, तर फरशीवर पोलादी रिव्हॉल्वर आणि त्याच्यावर वाकलेला प्रेमराज. "तेल लावत होतो, निसटलं," तो म्हणाला होता. तिने फुटलेल्या फरशीवरून त्यालाच बोल लावले होते. एका हाताने तेल कोण लावतं, हे तेव्हा तिच्या डोक्यातच आलं नाही.

पोलादी त्याच्याने उचललं गेलं नव्हतं. हलकं उचललं गेलं होतं.

तिने गाडी वळवली. धुळ्याच्या नाही, घराच्या दिशेने.

प्रेमराज हॉलमध्ये बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्चीत बसला होता. तिला बघून म्हणाला, "लवकर आलीस! आणलं?" त्याची नजर तिच्या पर्सवर गेली.

"नाही आणलं."

"का?"

"एक विचारते, खरं सांगा. ते माझ्यासाठी घ्यायचं होतं, की तुमच्यासाठी?"

पंखा फिरत होता. त्याने पर्सवरची नजर काढली. मग खाली बघून म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?"

ती तिथेच फरशीवर बसली.

"निंबाने घड्याळ परत दिलं."

"मूर्ख आहे तो." त्याची जीभ जड झाली होती. "काय चुकलं माझं? तू मला आंघोळ घालतेस, पंप बघतेस. रात्रभर जागी असतेस, मला कळत नाही का? माझं ओझंच आहे तुला."

"ओझं?" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या घरातला आवाज थांबला. "टँकरवाला मला रोज फसवतो. टाकीत तेल मोजायची डिपची काठी घालून मी माप चुकते, पोरं हसतात माझ्यामागे. कुणाला विचारू मी? तुम्ही इथं खिडकीकडे तोंड करून बसलेले!"

"मग मला कधी बोलली नाहीस."

"तुम्हाला त्रास नको म्हणून!"

मग त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो रडू लागला, आवाज न करता. ती उठली नाही. सरकत सरकत त्याच्या पायाशी गेली आणि त्याचा निर्जीव उजवा हात धरून बसली.

थोड्या वेळाने तिने त्याच्यासमोरच नासीरभाईंना फोन लावला. "नवं नको आहे, भाई. आणि यांचं जुनंही तुमच्याकडे जमा करायचं आहे."

नासीरभाईंनी कारण विचारलं नाही. "आजच घेऊन या, ताई," एवढंच म्हणाले.

गाडीत मात्र प्रेमराज फागण्यापर्यंत भांडला. "नागडं करतेस मला," म्हणाला. "हायवेवर तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." ती गाडी चालवत राहिली. दुकानात त्याने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. तिथूनच ती त्याला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. लकव्यानंतर असं पुष्कळांना होतं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. पुढचे दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. प्रज्ञा जळगावहून आली, तिच्याशीही नाही.

बँकेच्या भरण्यासाठी आजूबाजूच्या पंपवाल्यांनी मिळून आता एक गाडी लावली आहे, सोबत पहारेकरी असतो. संघमित्राचा परवाना तसाच पडून आहे.

प्रेमराज आता दुपारपर्यंत पंपावर बसतो. टँकर आला की ओरडून थांबवतो, काठी स्वतःसमोर घालायला लावतो, आणि माप संघमित्राला वाचायला लावतो. चुकली की सगळ्यांदेखत बोलतो. तिला राग येतो आणि बरंही वाटतं. पण काही दिवस असे येतात की तो उठतच नाही. भिंतीकडे तोंड करून पडतो, आणि ती एक पाय पंपावर, एक घरी अशी दिवस काढते.

कालही त्याला न्हाणीघरात जरा जास्त वेळ लागल्यावर ती दाराशी जाऊन उभी राहिली. पाण्याचा आवाज येत नव्हता.

"अहो?"

तिने कडी वाजवली.

"अहो!"

"आहे गं बाई, आहे!" आतून तो खेकसला. "साबण खाली पडलाय. दाराशी उभी राहू नकोस."

ती बाजूला झाली. तरी मग बादलीत पाणी पडायला लागल्याचं ऐकू येईपर्यंत तिथून हलली नाही.