दारूवाल्या भागूबाई

"भागूबाई, तुमी तर तोंडच उघडू नका! जिच्या दारावर 'दारूवाले' पाटी हाय, तीच दारूबंदी मागती व्हय?"

आसारामच्या या बोलण्यावर सगळी ग्रामसभा खदखदून हसली. ठराव त्याचं देशी दारूचं दुकान बंद करण्याचा होता. हात वर करायला म्हणून आलेल्या बायकाही पदराआड हसू लागल्या.

भागूबाई मात्र खाली बसल्या नाहीत. खर्ड्याच्या आसपास जत्रा कुठलीही असो, आभाळात फुटणारे बार त्यांच्याच अंगणातून जायचे. शोभेची दारू हा त्यांच्या सासरचा पिढीजात धंदा. नवरा रंगनाथ गेल्यावर तो त्यांनी एकटीनं चालवला होता.

"हाय की पाटी. लाज कसली? माज्या घरात जल्मभर दारू कुटली, पन कुनाचं बोट भाजलं न्हाई."

"मग रंगनाथ कशानं गेला?" आसारामनं विचारलं. बाई नवऱ्याचं नाव चव्हाट्यावर आणणार नाही, याची त्याला खात्री होती.

शेजारी बसलेल्या गहिनीनाथनं आईचा पदर ओढला. "आये, बस खाली. आबांची आब्रू नको काढू."

भागूबाईंनी पदर सोडवून घेतला. त्या सरळ आसारामकडं बघत बोलल्या.

"दारूनंच गेला. माज्या न्हाई, तुज्या! सोरा-गंधक तोलनाऱ्या त्या हाताला शेवटी पान्याचा तांब्या धरवंना. माजी दारू आभाळात जाती, लेकरं टाळ्या वाजवत्यात. तुजी गळ्याखाली उतरती आन् घर जाळती. आजारी मानसाचं दवादारू करतो, तितं बी ह्योच शबुद हाय. शबुद बिचारा गरीब. त्याला बदनाम तू केलास!"

आता कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतून पुष्पावती उठली. तिचा नवरा त्या वेळीही आसारामच्या दुकानातच बसलेला होता. तिनं हात वर केला, आणि मग हातामागून हात वर झाले.

"जत्रेची कमिटी माज्या हातात हाय," आसाराम दात ओठ खात म्हणाला. "यंदा तुमचा एक बार उडनार न्हाई."

"नको उडू दे!"

पुढं रीतसर मतदान झालं. दारूबंदीची आडवी बाटली जिंकली आणि दुकानाला कुलूप लागलं. आसारामनंही आपला शब्द खरा केला. जत्रेला फटाके बाहेरून, खोक्यांत भरून आले.

जत्रेच्या सांजेला पहिला बार फुटला, तेव्हा भागूबाई चुलीपुढं बसल्या होत्या. सभेपासून अबोला धरलेला गहिनीनाथ आत आला आणि ताट घेऊन शेजारी बसला. बाहेर आभाळ लाल झालं, हिरवं झालं. भागूबाईंनी मान वर केली नाही. दरसाल या दिवशी दारू कुटून कोळशानं काळे असणारे त्यांचे हात पिठानं पांढरे झाले होते. त्या भाकरी थापत राहिल्या.