धडवाला तोमेझो

"या खेपेला डोकंही तूच कर," कीहाची मालक म्हणाला, आणि तोमेझोच्या हातातली कोरणी जागच्या जागी थांबली.

चित्रांचे लाकडी ठसे कोरणाऱ्या त्या कारखान्यात तोमेझोने एकतीस वर्षं नुसती धडं कोरली होती. कपड्यांच्या चुण्या, हातपाय, माग, रंगाची पिंपं. चेहरा आणि केस डोकंवाल्याचे. तिथे धडवाल्याने बोट लावायचं नाही. पण डोकंवाला इसाबुरो तापाने अंथरुणाला खिळला होता, आणि एदो शहरातल्या कारागिरांच्या मालिकेतलं शेवटचं चित्र, मागावर बसलेली विणकरीण, प्रकाशकाला तातडीने हवं होतं.

घरी ओसेनने नवऱ्याच्या भातावर सुका मासा जास्तीचा ठेवला. "आता तुम्ही डोळे मिटलेत तरी हरकत नाही," ती म्हणाली, आणि दोघं पोट धरून हसली.

तिसऱ्या दिवशी कानशिलावरचे केस कोरायला आले. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत सहा रेघा. चौथी तुटली. तिला सांभाळायला गेला, तर पाचवीही गेली. एवढी वर्षं चुण्या कोरलेला हात तो, त्याला जोर तेवढा ठाऊक.

मालकाने शिवी दिली असती तर तोमेझोला बरं वाटलं असतं. मालकाने सरळ इसाबुरोला बोलावणं धाडलं. तो रजई पांघरून आला, ठसा पाहिला आणि मान खाली घातली.

"दादा, चेहरा चांगला उतरलाय. पण केस चालायचे नाहीत. आणि चेहरा-केस एकाच हातचे हवेत, गळ्यापासून अख्खं डोकंच काढावं लागेल."

अशा वेळी बिघडलेला भाग चौकोनी कापून काढतात, तिथे नवं लाकूड ठोकून बसवतात आणि पुन्हा कोरतात. खाच कोण करणार, असं मालकाने विचारलं.

"मी करतो. ते धडवाल्याचंच काम," तोमेझो म्हणाला.

नाक, ओठ, भुवया, सगळं त्याच्या मांडीवर भुसा होऊन पडलं. त्याला रडू येत होतं, पण हात ढळला नाही. नव्या लाकडावर इसाबुरोने दुपारभरात डोकं केलं.

ओसेन रोज विचारायची, आणि तो रोज "चाललंय" म्हणायचा. छापलेलं चित्र हाती आलं तेव्हा ती कितीतरी वेळ विणकरणीकडे बघत राहिली.

"काय सुरेख केस केलेत हो."

तोमेझो नुसता हं म्हणाला. त्याने चित्र उजेडाकडे धरलं आणि गळ्यापाशी सांधा शोधू लागला. खाच इतकी नेटकी झाली होती, की आपलं डोकं कुठून काढलं ते त्याचं त्यालाच सापडेना.