पाचव्या दिवसाचं पाणी

शिकेकाई उकळू लागली की तिचा आंबूस, उग्र वास परसातल्या चुलीवरून उठून घरभर पसरतो, आणि त्या वासाबरोबर मला आधी दिसतात ती सासूबाईंची बोटं: हिरडा, सुंठ, पिंपळी कुटून कुटून करडी झालेली, नखांच्या कडांशी कायमची रंगलेली. अमरावतीत आमचं घर वैद्याचं. नाडी मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पण खल सासूबाईंचा. सकाळपासून त्यांच्या बत्त्याचा संथ, एकसुरी ठेका चाले आणि त्याच्या आधाराने घराचा दिवस पुढे सरके. महिन्यातले चार दिवस त्या विटाळामुळे दूर बसत, तेवढा तो थांबे. पन्नाशीच्या अलीकडे विटाळ कायमचा गेला, तेव्हा त्यांनी म्हणे देवापुढे साखर ठेवली. आता तीसही दिवस खल आपला, याचा त्यांना कोण आनंद!

सात वर्षांनी, ऐन कापसाच्या हंगामात, त्या पुन्हा दूर बसल्या.

ती वर्षंच वेडी होती. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई चालली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गाड्यांच्या रांगा वेशीबाहेर खोळंबत. हवेत तरंगणारे पांढरे तंतू तुळशीवर, वाळत्या लुगड्यांवर, माणसांच्या पापण्यांवर येऊन बसत. माझे यजमान वैद्यकी टाकून अकोल्याला एका अडत्याकडे जाऊन राहिले होते. ओसरीवर औषधाला आलेल्या दलालांची, व्यापाऱ्यांची रीघ लागलेली. त्या गर्दीत घरातली एक बाई मागच्या पडवीत जाऊन बसली, याचं कोणाला काय! शेजारणींनी थट्टा केली, की वैद्यीणबाई पुन्हा तरण्या झाल्या. सासूबाई पदराआड हसल्या, आणि मीही हसले. ते हसू मला अजून टोचतं.

पाचव्या दिवशी मी न्हाण्याचं पाणी तापवलं, शिकेकाई उकळली, घंगाळ भरून ठेवलं. विटाळ थांबलाच नव्हता; सासूबाईंनी नुसती नकाराची मान हलवली, आणि पाणी निवून गेलं. पुढच्या पाचव्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्याही. दुपारचं तिरपं ऊन पडवीत शिरून त्यांच्या पावलांपर्यंत येई आणि तिथूनच माघारी फिरे. त्या भिंतीला टेकून बसलेल्या असत, आणि आत माझ्या हातचा बत्ता चुकला की त्यांची बोटं स्वतःच्या गुडघ्यावर खरा ठेका धरत. तेवढी बोटंच काय ती जिवंत राहिली होती. त्यांचं धुणं मी हात न लावता, काठीने घोळून करू लागले होते, म्हणून मला दिसत होतं: हा नेहमीच्या विटाळाचा रंग नव्हता. गुळाच्या पाण्यासारखं काहीतरी अखंड पाझरत होतं, आणि त्याला दर्प होता.

शेजारी बाळंतिणीला पाहायला वलगावची सुईण आली होती. तिला मी मागच्या दाराने बोलावलं. तिने सासूबाईंचं ओटीपोट चाचपलं आणि हात एका जागी थांबवला. मग मला गोठ्याकडे नेऊन हळूच म्हणाली, "एकदा थांबलेलं परत आलं का थो विटाळ नसते, बाई. थो रोग असते. दिवस मोजत नोका बसू, आजच नाडी दाखवा."

नाडी! साऱ्या मुलखात नावाजलेली नाडी वीस पावलांवर बसलेली होती. पण दूर बसलेल्या बाईला शिवलेला हात औषधाला लावायचा नाही, हा घरचा नेम. आणि तो मामंजींपेक्षा सासूबाईंनीच जन्मभर कडक पाळलेला. मी हातापाया पडले. म्हटलं, न्हाले म्हणून सांगा, एवढं खोटं देवही पोटात घालील. त्यांनी ओसरीच्या दिशेने पाहिलं. एक बाई तापाने फणफणलेलं मूल मांडीवर घेऊन बसली होती.

"अन् माह्या विटाळानं औषध बिघडलं तं?" त्या म्हणाल्या. "थे लेकरू दगावलं तं? मले नाई पायजे असं जगनं."

आणि आपल्या लेकाची, माझ्या कुंकवाची शपथ त्यांनी मला घातली, की खोटं सांगायचं नाही.

तरी मी गेले. सासऱ्यांशी बोलायची पद्धत नव्हती, म्हणून दाराआड उभी राहून सुईणीचं म्हणणं शब्दाला शब्द सांगितलं. मामंजी वाईट माणूस नव्हते. हातातली पुडी बांधायची सोडून ते दाराकडे वळलेले मी फटीतून पाहिले. मग त्यांनी विचारलं, "न्हाली का ती?"

एक 'हो' पुरला असता, नुसता हुंकार पुरला असता. त्यांनाही तोच हवा होता. त्या प्रश्नात विनवणी होती, हे मला फार उशिरा उमगलं. शपथेला भिऊन मी म्हणाले, "नाही."

"न्हाली की सांग," ते म्हणाले, आणि पुढच्या रोग्याचा हात त्यांनी हातात घेतला.

पाचव्या दिवसाचं पाणी मी होळीपर्यंत तापवत राहिले. चैत्राच्या तोंडाशी, एका लख्ख सकाळी, ते एकदाचं कामी आलं. त्यांना अखेरचं न्हाऊ घालताना त्यांच्या विरळ केसांतून मी कापसाचे तंतू वेचून काढले. न्हाणं आटोपल्यावर मामंजी आले, खाली बसले, आणि त्यांनी तीन बोटं सासूबाईंच्या मनगटावर ठेवली, रोग्यासाठी ठेवत तशीच, डोळे मिटून. बाहेर गाड्यांचा खडखडाट चालला होता. बायकांनी दोनदा सांगितलं तरी ते उठले नाहीत.

आता सासूबाईंच्या वयाला मी केव्हाच मागे टाकलं आहे. घरातल्या पोरीबाळींना बजावत असते, की दिवस लांबले, रंग पालटला, थांबलेलं परत आलं, तर पाचव्या दिवसाची वाट पाहू नका. खोटं बोलावं लागलं तर बोला. त्या ऐकतात. पण शिकेकाई उकळू लागली की मी पुन्हा त्या दाराआड उभी असते, प्रश्न नुकताच विचारलेला असतो, आणि दर वेळी मी 'हो' म्हणते. ते ऐकायला तिथे आता कोणीच नसतं.