खिशातला बिल्ला

हेडबाईंना त्या खुर्चीतून काय काय मिळणार होतं, याचा हिशेब अग्निशमन केंद्रातल्या प्रत्येकानं परस्पर मांडून ठेवला होता. बंबाच्या ड्रायव्हरच्या मते जीपमधली पुढची सीट. स्वयंपाक्याच्या मते दारावर नाव. आणि त्यांच्या सासूबाईंच्या मते, जे मत घरात शेवटचं असायचं, केंद्राच्या वरच्या मजल्यावरचं क्वार्टर. तीन खोल्या आणि एक बाल्कनी. सध्या हे कुटुंब नवऱ्याच्या शिवणकामाच्या दुकानामागं राहत होतं. तिथं झोपायचं तर आधी कापडाचे गठ्ठे उठवावे लागत. सासूबाई एकदा सुई मागायच्या निमित्तानं वर जाऊन आल्या होत्या. टेलरच्या आईला दुसऱ्याच्या घरी सुई मागायची वेळ का यावी, हे कुणी विचारलं नाही. पिशवीत लेकाची टेप होती. बाल्कनीत खाट आडवी बसते, उभी बसत नाही, हे त्यांनी मोजून आणलं होतं.

ही खुर्ची आबांची. आबा म्हणजे केंद्राचे प्रमुख, महिनाअखेरीस निवृत्त होणारे, आणि जाताना ते ज्याच्या नावावर बोट ठेवतील त्याचंच नाव मुख्यालय मान्य करणार, हे उघड गुपित होतं. बोट हेडबाईंकडे वळलेलंच होतं. त्या दुय्यम अधिकारी. हेडबाई हे नाव त्यांना जवानांनी दिलेलं, कारण रोज सकाळी त्या सगळ्यांना ओळीत उभं करून मास्कचे पट्टे, सिलिंडरचा काटा आणि जमलं तर नखंसुद्धा तपासायच्या. आता फक्त काहीही बिघडू न देता महिना काढायचा होता.

बिघडण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती आबांच्या खिशात होती.

प्रत्येक जवानाकडे पितळेचा बिल्ला असतो, त्यावर त्याचं नाव. मास्क चढवून धुरात शिरण्याआधी तो बिल्ला दारात उभ्या असलेल्या माणसाकडे द्यायचा. तो माणूस बिल्ला बोर्डाच्या खिळ्याला अडकवतो. बाहेर आलं की आपला बिल्ला आपण काढून घ्यायचा. बिल्ला लटकतोय तोवर माणूस आत. आणि ज्याच्या हातात बोर्ड, त्यानं आभाळ कोसळलं तरी दार सोडायचं नाही. एवढा साधा नियम. हेडबाईंना तो आबांनीच शिकवला होता, कान धरून.

पण स्वतः आबांनी आपला बिल्ला कधी कुणाला दिला नाही. दारात आले की ते खिशावर थाप मारत, "माझा इथं आहे. बाहेर आलो की दाखवतो," म्हणत आणि आत शिरत. बाहेर यायचे ते कोळशासारखे काळे होऊन, पुन्हा खिशावर थाप. बघ्यांच्या टाळ्या पडत. मुख्यालयातही ही गोष्ट कौतुकानं सांगितली जाई.

हेडबाईंना ते खटकायचं, पण खटकणं आणि बोलणं यांत एक खुर्ची आडवी पडली होती. "अजून थोडे दिवस जिभेला गाठ मार," सासूबाई म्हणायच्या. "एकदा वर राहायला गेलो की सोड." सल्ला वाईट नव्हता. गाठ मारलेलीच होती. ती सैल झाली ती मागच्या आठवड्यात, सरावाच्या वेळी. चिरंजीव नावाचा जवान होता. दोनदा शिडीवरून पडूनही जगला म्हणून चिरंजीव, एरवी दोन मुलींचा बाप. त्यानं दारात येऊन खिशावर थाप मारली. "माझा इथं आहे, हेडबाई." सगळे हसले. आबा सगळ्यांत मोठ्यानं हसले. हेडबाईंनी त्याच्या खिशातून बिल्ला काढून खिळ्याला लावला, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. आबा निवृत्त होतील, आणि खुर्चीसोबत ही सवयही वारशानं आपल्याकडेच येईल, हे त्यांना लख्ख दिसलं.

आणि मग गाद्यांच्या कारखान्याला आग लागली. भर दुपारी, तीसुद्धा मुख्यालयाचे साहेब तपासणीला आलेले असताना. साहेब आपल्या गाडीतून बंबामागोमाग आले आणि रस्त्यापलीकडे, बुटांवर पाणी येणार नाही अशा बेतानं उभे राहिले.

कामगार सगळे बाहेर होते. हेडबाईंनी मुकादमाला प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजायला लावलं. पण आग मागच्या भिंतीशी होती, त्या भिंतीला लागून लोकांची घरं होती, आणि पुढून मारलेलं पाणी कापसाच्या ढिगांतच जिरत होतं. आत जाणं भाग होतं. पहिली जोडी पाइप घेऊन गेली, दोन बिल्ले खिळ्यांना लागले. बोर्ड हेडबाईंच्या हातात. दुसरी जोडी आबा आणि चिरंजीव.

"साहेब, बिल्ला," हेडबाई म्हणाल्या. चहाच्या वेळी त्या आबा म्हणत, कामावर साहेब.

"आहे की." खिशावर थाप.

"तिथं नको. इथं."

आबांना आधी वाटलं गंमत आहे. मग त्यांनी चेहरा पाहिला. "अगं, आज? पाहुणे बघतायत."

"ते नसते तरी मागितला असता." हे काही फारसं खरं नव्हतं, इतकी वर्षं कुठं मागितला होता?

"तुला हे काम कुणी शिकवलं?"

"तुम्ही. चांगलं शिकवलंत, म्हणून तर मागतेय."

"मी कोण आहे ठाऊक आहे ना?"

"मला ठाऊक आहे, साहेब. बोर्डाला ठाऊक नाही."

बघ्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं. आबांची मिशी थरथरली. इतक्या आगी त्यांनी विझवल्या होत्या, पण भर रस्त्यात असं पाणी त्यांच्यावर कुणी ओतलं नव्हतं. "आण तो बोर्ड इकडे!" त्यांनी हात घातला. हेडबाईंनी सोडला नाही. क्षणभर दोघं जाणती माणसं शाळेतल्या पोरांसारखी पाटी ओढत होती. मग हेडबाईंनी सोडला. प्रमुखाला बोर्ड मागायचा हक्क असतो.

बोर्ड हातात आल्यावर आबांच्या ध्यानात आलं की आपण काय केलं. ज्याच्या हातात बोर्ड, त्यानं दार सोडायचं नाही.

"हा माझा," हेडबाईंनी आपला बिल्ला त्यांच्या तळहातावर ठेवला. मास्क चढवला, शिडीवाल्याला जोडीला घेतलं, त्याचाही बिल्ला दिला आणि आत गेल्या. चिरंजीव कुठं दिसला नाही. जोडीदार दारात अडकला म्हटल्यावर गेला असेल बंबापाशी, असं त्यांनी धरलं. धरायला नको होतं.

आत काळोख. पाइपावर हात ठेवून पुढं सरकायचं, भिंत पायानं चाचपायची. पहिल्या जोडीला गाठून त्यांनी मागच्या भिंतीवर पाणी धरलं. भिंत फुसफुसली, वाफ झाली, लाल रंग हळूहळू मावळला. घरं वाचली, एवढं कळलं. मग डोक्यावर पोटमाळा करकरला आणि बाहेरून आबांची शिट्टी वाजली. सगळे मागं या.

चौघं बाहेर आले, चार बिल्ले निघाले, बोर्ड रिकामा झाला. आबांनी तो रस्त्यापलीकडे दिसेल असा उंच धरला. "सगळे बाहेर! वरून मोठं पाणी सोडा!"

हेडबाई मास्क काढून खोकत होत्या, पण सवय वाईट. खोकतानाही त्या चेहरे मोजत होत्या.

"चिरंजीव कुठाय?"

"बंबापाशी," आबा म्हणाले.

"बंबापाशी नाही!" ड्रायव्हर ओरडला.

आबांनी बोर्डाकडे पाहिलं. बोर्डावर काहीच नव्हतं. ज्या दारात दोन अधिकारी ओढाओढ करत होते, त्या दारातून त्यांच्या पाठीमागून एक माणूस खिशात बिल्ला घेऊन आत गेला होता, आणि बोर्डाच्या हिशेबी तो आत गेलाच नव्हता.

"पाणी थांबवा!" दोघं एकदमच ओरडले. मोठं पाणी गरम वाफ खाली दाबतं. खाली माणूस असला तर तो शिजतो.

हेडबाईंचा पाय दाराकडे वळलाच होता. त्यांनी तो थांबवला आणि सिलिंडरचा काटा पाहिला. जायला पुरेल एवढी हवा होती, यायला नाही. शिडीवाल्याचीही तीच गत. भरलेला सिलिंडर राखीव जवानाच्या पाठीवर होता, आणि दुसरा, सकाळी त्यांनीच तपासलेला, आबांच्या पाठीवर.

आबा त्यांच्यासमोर आले. बोर्ड त्यांच्या हातात दिला. मग खिशात हात घातला. बोटं जरा अडखळली, जे कधी काढलं नाही ते काढताना अडखळतातच. त्यांनी बिल्ला पुढं केला.

"हेडबाई," ते म्हणाले, "बिल्ला."

हेडबाईंनी तो खिळ्याला लावला. बाकी सगळ्यांचे बिल्ले वर्षानुवर्षं लटकून काळवंडलेले, भोकं झिजून लांबट झालेली. हा नव्यासारखा लखलखत होता, भोक गोल.

राखीव जवानाचा बिल्ला त्याच्या शेजारी लागला आणि दोघं धुरात गेले. त्यानंतर हेडबाईंना एकच काम होतं, उभं राहणं. त्यांच्या नोकरीतलं सगळ्यांत अवघड काम तेच, आणि त्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. आतून पोटमाळ्याचा एक वासा कोसळल्याचा आवाज आला. दोन्ही बिल्ले खिळ्यांवर हलले. त्या हलल्या नाहीत.

मग धुरातून खोकला ऐकू आला. आधी राखीव जवान दिसला, मग आबा, आणि दोघांच्या मधोमध पाय ओढत चिरंजीव. गाद्यांची थप्पी घोट्यावर कोसळली होती. पाइपावर ठोकत होता म्हणून सापडला. त्याला खाली ठेवून आबा सरळ बोर्डापाशी आले आणि आपला बिल्ला स्वतःच्या हातानं काढून घेतला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्यालयाचे साहेब बुटांची पर्वा न करता रस्ता ओलांडून आले. त्यांना एवढंच दिसलं होतं की निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा अधिकारी आगीतून माणूस घेऊन बाहेर आला.

"वा! शेवटच्या महिन्यात असं धाडस! पदकासाठी मी स्वतः लिहितो. आणि तुम्ही, बाई, दार काय राखलंत! खुर्चीबद्दल आता मला कुणाला विचारायची गरजच नाही."

आबांनी हेडबाईंकडे पाहिलं. हेडबाईंनी आबांकडे. गप्प राहिलं असतं तर दोघांचीही झोळी भरत होती. चिरंजीव तर काय बोलणार होता? हेडबाईंना बाल्कनी दिसली. त्यात खाट, आडवी. खाटेवर सासूबाई.

"साहेब, दार राखलं गेलं नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही भांडत होतो. माणूस माझ्या नाकासमोरून आत गेला. बोर्ड माझ्या हातात होता."

"तिच्या हातात कुठला?" आबा उसळले. "मी हिसकावला होता!"

"हिसकावायच्या आधीच तो गेला असणार."

"नंतर गेला! आणि बिल्ला न देता जायचं त्याला शिकवलं कुणी? तू?"

"साहेब, तुम्ही मध्ये—"

"मी प्रमुख आहे अजून! माझी चूक मला सांगू दे!"

जखमी चिरंजीव जमिनीवरून हळूच म्हणाला, "माझीपण थोडी होती."

"तू गप!" दोघंही एकदम.

मुख्यालयाच्या साहेबांनी आयुष्यात श्रेयासाठी भांडणारे पुष्कळ पाहिले होते. चुकीवर हक्क सांगणारे बहुधा पहिल्यांदाच पाहत होते. "हळू," ते म्हणाले. "दोघांचंही लिहून घेतो."

आणि घेतलं. मुख्यालय कौतुक विसरतं, लिहिलेलं विसरत नाही. पदक आलं नाही. खुर्चीवर दुसऱ्या केंद्रातले एक साहेब आले, हेडबाईंचं नाव वर्षभरासाठी बाजूला ठेवण्यात आलं. निरोपाच्या दिवशी आबांनी भाषण केलं नाही. उरलेले सगळे दिवस ते प्रत्येक सरावात, प्रत्येक कॉलवर दारात येऊन बिल्ला देत होते, इतक्या वेळा की भोक जरासं झिजलं. तो झिजलेला बिल्ला त्यांनी भांडारात जमा केला आणि भांडारवाल्याला तीनतीनदा दाखवला, "बघ, वापरलेला आहे."

नव्या साहेबांच्या पहिल्याच आगीला, एका लाकडाच्या वखारीत, ते मास्क चढवून घाईनं दारात आले. हेडबाई बोर्ड धरून होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मागून ड्रायव्हर, शिडीवाला आणि लंगडणारा चिरंजीव एका सुरात ओरडले, "साहेब, बिल्ला!" नवे साहेब दचकले आणि त्यांनी मुकाट्यानं काढून दिला. हेडबाईंनी मान ताठ ठेवली, पण त्या रात्री घरी दोन घास जास्त जेवल्या.

सासूबाईंनी टेप दुकानात परत ठेवली. आठवडाभर सुनेशी अबोला धरला. मग एक दिवस गिऱ्हाईक बाईला त्या सांगताना ऐकू आल्या, "बाल्कनीचं काय घेऊन बसलात? आमच्या सुनेनं भर रस्त्यात साहेबाला दारात उभं केलं. आहे कुणाची छाती?" आणि पुन्हा कापडाचे गठ्ठे उचलू लागल्या, झोपायची वेळ झाली होती.

तेव्हा हिशेब असा: आबांनी पदक भरलं, हेडबाईंनी खुर्ची, चिरंजीवनं घोटा, आणि सगळ्यांत जास्त भरलं ते सासूबाईंनी, ज्यांचा या भांडणात काडीचा संबंध नव्हता. ज्यांनी दारात बिल्ला दिला, त्यांच्यापैकी कुणाकडूनही आगीनं काही वसूल केलं नाही.