सोडलेलं पान

तिने शिंप्याच्या खडूने ओळीखाली बारीक रेघ ओढली आणि पुस्तक मास्तरांच्या गुडघ्यावर टेकवलं.

"हे बघा. 'शी वॉज स्टिल अॅट द विंडो.' स्टिल म्हणजे अजून. पण स्टिल म्हणजे स्तब्धसुद्धा. मग ती बाई अजून खिडकीशीच होती, की खिडकीशी नुसती थिजून उभी होती?"

मास्तर समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. दुखण्याने त्यांची वाचा नेली होती आणि उजवी बाजूही. डावा हात कधीमधी हलायचा, पण तो मुद्दाम की आपोआप, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. "त्यांना किती समजतंय ते घरच्यांनाच आधी कळेल," असं म्हणून डॉक्टर मोकळे झाले होते.

मास्तरांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. बायकोला शिकवायला मुहूर्त लागला तो निवृत्तीनंतर. दुपारी शिवणयंत्रावरून उठून ती कादंबरी उघडायची आणि ते शेजारी बसायचे. शब्दाचा अर्थ मात्र त्यांनी कधी सांगितला नाही. तिने भलताच अर्थ लावला तरी हे ढिम्म. "पुढे वाच, आपोआप उलगडेल," एवढंच म्हणायचे. चिडायचे ते एकाच गोष्टीवर. कंटाळून तिने मधलं पान गाळलं, की टेबलावर बोटाच्या पेराची टकटक सुरू व्हायची.

"गिऱ्हाइकाला बिनबाह्यांचा सदरा देतेस का?" असं वर विचारायचे.

"आई, कुणासाठी वाचतेस गं?" लेक दाराशी येऊन म्हणाली. "जरा पड ना. बाबांना आता..." पुढचं तिने गिळलं.

 आईला तेवढ्यापुरती लेकीची चीडच आली. मग तिने शब्दकोश ओढून घेतला, बोट फिरवत खालपर्यंत गेली आणि थांबली. तिच्या चेहऱ्यावर मिस्कील भाव उमटला.

"सापडलं," ती मोठ्याने म्हणाली. "स्टिल म्हणजे दारू गाळायची भट्टी. ती बाई खिडकीपाशी दारूची भट्टी होती."

लेक फिसकन हसली. आईचं लक्ष मास्तरांच्या डाव्या हाताकडे होतं. असला अर्थ ऐकून कुठलाही इंग्रजीचा मास्तर खुर्चीतून उठला असता. हात खुर्चीच्या दांडीवर तसाच पडून होता.

"भट्टी होती हो," ती पुन्हा म्हणाली. या खेपेला आवाज जरा कापला.

लेकीचं हसू मावळलं. ती हलक्या पावलांनी स्वयंपाकघरात गेली.

आईने हाताच्या पाठीने डोळे पुसले. म्हणजे लेकीचंच खरं. इतके दिवस आपण भिंतीला वाचून दाखवत होतो. तिने दोन-चार ओळी कशाबशा वाचल्या. कानांना ऐकू येत होतं, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. प्रकरण एकदाचं संपवावं म्हणून तिने तीन-चार पानं एकदम उलटली आणि मधूनच वाचायला सुरुवात केली.

टक. टक.

तिला आधी वाटलं, स्वयंपाकघरातलं झाकण असेल. ती वाचत राहिली.

टक. टक. टक.

मास्तरांची नजर भिंतीवरच होती. डाव्या हाताचं पेर मात्र लाकडी दांडीवर आपटत होतं, पूर्वीसारखंच, रागावून.

ती बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिली. अर्थ चुकला म्हणून हा माणूस कधी बोललाच नव्हता, हे आपण कसं विसरलो? तिला हसू आलं आणि रडूही. तिने पानं मागे उलटली, खडूची रेघ शोधली. टकटक थांबली.

"बरं, नाही सोडत," ती म्हणाली. "पण भट्टीसुद्धा मुकाट ऐकून घेतलीत ना?"

"आई, चहा टाकलाय, ये," आतून लेकीने हाक मारली.

"तूच इकडे घेऊन ये," ती म्हणाली. "मला हे पान सोडून उठायची परवानगी नाही."