वर बघ, चिमणी बघ!

प्रत्येक शाळेत एक हक्काचा माणूस असतो. वृक्षारोपण असो की जनगणना, नाव त्याचंच. 'एक कर्मचारी प्रशिक्षणास पाठवावा' असं पत्र आलं की तेही त्याच्याच गळ्यात. वारज्याच्या या शाळेत तो मान चित्रकलेच्या नसीमबानूंचा होता. चित्रकलेचा तास बुडाला म्हणून कोण बोंब मारतंय?

मुख्याध्यापक आप्पासाहेब या व्यवस्थेवर खूश होते. आपत्कालीन प्रथमोपचाराचं नसीमबानूंना मिळालेलं प्रमाणपत्र त्यांनी चौकटीत बसवून कार्यालयात टांगलं होतं.

"सर, हे शिपायापासून आपल्यापर्यंत सगळ्यांना यायला हवं," नसीमबानू म्हणाल्या.

"अहो, एवढ्या चौकटींना भिंत कुठून आणू? तुम्ही निघा. ओल्या कचऱ्याचं प्रशिक्षण तुमच्यावाचून खोळंबलंय."

"आणि मी नसताना काही झालं तर?"

"तुम्ही यायच्या आधीही शाळा चालतच होती, बाई."

नसीमबानू निघाल्या.

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली, आणि थोड्याच वेळात दुसरीच्या वर्गातून मुलांच्या किंकाळ्या आल्या. आजीचं नाव मिरवणारी चिमुरडी शकू खोबऱ्याचा तुकडा घशात अडकून तडफडत होती. सगळे धावले. कुणी तोंडात पाणी ओतलं, कुणी टाळूवर थापट्या मारल्या. आप्पासाहेब तर घरोघरी चालत आलेला उपाय ओरडून सांगत होते, "वर बघ बाळ, वर बघ! चिमणी बघ!"

शकूनं वर पाहिलं. पण आवाज फुटेना, श्वास येईना. ओठ निळे पडू लागले. एवढे पदवीधर गुरुजन भोवती उभे, आणि काय करायचं ते एकालाही ठाऊक नाही!

सेविका सोजरबाई फाटकाकडे पळाली. नसीमबानू अजून स्कूटर सुरू करायच्याच खटपटीत होत्या. डोक्यावरचं हेल्मेट काढायचंही भान न ठेवता त्या धावत आल्या.

"पाणी नको! बाजूला व्हा!"

त्यांनी शकूला पुढे वाकवलं, पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहातानं दणके दिले. तुकडा हलेना. मग मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर मूठ धरून आत-वर जोरात दाब दिला. पुन्हा एकदा. खोबरं बाहेर उडालं आणि शकूनं भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं त्या शाळेनं कधी ऐकलं नव्हतं!

आप्पासाहेबांनी शकूचे डोळे पुसले. "बाई, तुमची गाडी आज पटकन सुरू झाली असती तर?"

"तेच तर विचारत होते, सर. हे मला एकटीला येऊन काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांनी चौकट उतरवून त्यांच्या हाती दिली. "हे तुमचं. भिंतीवर टांगून पोर वाचत नाही, हे कळलं मला." आणि शनिवारी शाळा सुटल्यावर सगळे कर्मचारी नसीमबानूंकडून शिकायला बसले, पहिल्या रांगेत स्वतः आप्पासाहेब.

संस्थेच्या सगळ्या शाळांत हे सक्तीचं करा, असंही आप्पासाहेबांनी सुचवलं. संस्थेचे अध्यक्ष हिंदुराव मात्र हसले. "मास्तर, हौस हाय तर करा. पण सगळ्या शाळांना सक्ती न्हाई. डाक्टरकीला डाक्टर हायेत की!"

पुढे स्नेहसंमेलन आलं. नसीमबानू बहिणीच्या लग्नाला वाघोलीला गेलेल्या. व्यासपीठावर हिंदुराव बटाटेवडा खाता खाता विनोद सांगत होते. विनोद अर्ध्यावर राहिला, डोळे पांढरे झाले, हात गळ्याशी गेले.

"पाणी आणा!" पालकांतून कुणीतरी ओरडलं.

"पाणी नको!" सगळे कर्मचारी एका सुरात गरजले.

आप्पासाहेबांनी अध्यक्षांना वाकवून पाठीवर दणके घातले. मग मागून मिठी मारून मूठ दाबली. पालकांना वाटलं सत्कारच चाललाय. त्यांनी टाळ्या वाजवल्या! तेवढ्यात वड्याचा तुकडा उडून थेट सत्काराच्या शालीवर पडला.

हिंदुरावांनी दम खाल्ला आणि घोगऱ्या आवाजात माईक मागितला. "सकाळपातूर मी सक्ती नको म्हणत हुतो. आता सांगतो, आपल्या समद्या शाळांत, झाडूवाल्यापासून माझ्यापातूर, हे शिकल्याबिगर कुणाची सुटका न्हाई!"

आता टाळ्या कशासाठी वाजवायच्या ते सगळ्यांना ठाऊक होतं.

नसीमबानू परतल्या तेव्हा आप्पासाहेब एवढंच म्हणाले, "बाई, यापुढे बिनघोर रजा घ्या."

वाचकहो, ज्या शाळेत जीव वाचवणं एकालाच येतं, ती शाळा त्याच्या रजेच्या दिवशी निराधार असते. उद्या आपल्या मुलांच्या शाळेत जाऊन विचारा, इथे हे कुणाकुणाला येतं? उत्तर एकच यायला हवं : सगळ्यांना!