फितूर ओळखणारं पिस्तूल

"सरका, सरका! नळी वळली!"

क्रांतिकारकांच्या त्या गावात जुना तुरुंग होता, गुप्त छापखाना होता. पण गर्दी लोटायची एकाच खोलीत. तिथे फाशी गेलेल्या वीराचं पिस्तूल दोऱ्याला आडवं टांगलेलं. फितुराच्या वंशातलं कुणी जवळ आलं, की नळी म्हणे त्याच्यावर रोखली जायची.

आज ती घड्याळजीमामांच्या भाचीवर रोखली होती. तिच्या होणाऱ्या सासूबाईंनीच दोघांना गाव बघायला आणलेलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं बाई! आता लग्नाचा विचार पुन्हा करायला हवा."

गाइड काठी टेकत म्हणाला, "वीराचा आत्मा खोटं बोलत नाही, माउली! सात पिढ्यांचा डाग आहे. शुद्धी करून घ्या, पोरगी धुतल्या तांदळासारखी होईल!"

भाचीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मामा देवभोळे, पण बावळट नव्हेत. "पिस्तूल तेव्हाच जप्त झालं असेल, मग इथे कसं?" असं त्यांनी दारातच गाइडला विचारलं होतं. त्याचा राग पोरीवर निघतोय, हे त्यांनी ओळखलं. पण नळी वळते कशी?

"किती वाजले हो?" त्यांनी गाइडला सहज विचारलं.

"सव्वाबारा."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते.

"पळतंय तुमचं घड्याळ."

"काय सांगू! दोनदा दुरुस्त केलं. रोज तासभर पुढे."

मामांचे डोळे लुकलुकले. चावीच्या घड्याळाला चुंबक बाधलं, की आतल्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे चिकटतात आणि घड्याळ सुसाट सुटतं. हा रोग त्यांच्या रोजच्या ओळखीचा. गाइडनं घड्याळ बांधलेल्या हातातच काठी धरली होती, आणि तिची पितळी मूठ मघापासून भाचीच्या खांद्यामागे!

"बघू जरा," म्हणत मामांनी काठी ओढून घेतली आणि मूठ सासूबाईंच्या खांद्याशी धरली. नळी गर्रकन त्यांच्याकडे!

"अरे देवा! आमच्यात कुणी फितूर नव्हतं हो!"

"आता झाला की! थांबा, सगळ्या खोलीलाच फितूर करतो." मामांनी मूठ गाइडपुढे नाचवली, पिस्तूल इमानेइतबारे मागोमाग. मग मूठ पिळून उघडली. आतलं चुंबक मामांनी खिशातून काढलेल्या स्क्रूड्रायव्हरला टक्कन चिकटलं. खोलीत हशा पिकला. गाइडनं दाराकडे धाव घेतली.

"अहो, घड्याळ ठेवून जा, बरं करून देतो!" मामा ओरडले. मग गर्दीकडे वळले. "देवापुढे मीही हात जोडतो, बाबांनो. पण कुणी चमत्कार दाखवला, तर आधी त्याची काठी तपासा. लेकीबाळींचा संसार असा दोऱ्याला टांगू नका."

सासूबाई ओशाळल्या. "मुली, चुकलंच माझं. करशील ना लग्न?"

भाचीनं डोळे पुसले. "करीन, आई. पण पुढे माझ्याबद्दल शंका आली, तर मलाच विचारायचं."

"तुलाच विचारीन गं, तुलाच!"